मागच्या व्हरांड्यातली देवी

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मोठ्या आजीने तुम्हाला सांगितलं की बंगल्यातली देवी आपणहून तिच्या ओटीत येऊन बसली. फोन ठेवल्यावर तुम्ही मला वेगळा मेसेज करून विचारलंत, हे खरं का? अलीकडे ती गोष्ट दर वेळी थोडी बदलते. पुढच्या वर्षी ती आणखी बदललेली असेल, आणि मग माझीही आठवण तिच्यात मिसळून जाईल. म्हणून जसं घडलं तसं आजच लिहून ठेवते. अडेल तिथे आईला विचारा.

मोठी आजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या चाकणजवळच्या आपल्या गावातच राहिल्या, मी नोकरीमुळे पिंपरीला आणि आता रावेतला. तो बंगला गावाबाहेरच्या माळावर होता. मुंबईच्या एका शेठने हवापालटासाठी बांधलेला. माळ मूळचा आपल्या घराण्याचा, आणि त्यावर देवीचं ठाणं होतं, म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. शेठने ठाणं हलवलं नाही. मागच्या व्हरांड्यात घेतलं आणि दर नवरात्रात आमच्या घरच्या बायकांना ओटी भरायला मागचं दार उघडून दिलं. ‘शेठ देवमाणूस,’ असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणत.

पुढे शेठच्या वारसांत भांडणं लागली आणि बंगल्याला कुलूप पडलं. जाऊबाई बंद फाटकापाशीच ओटी ठेवून परत यायच्या. मग ती जागा गोदामासाठी विकली गेल्याचं कळलं. पाडण्याचं काम घेतलेल्या ठेकेदाराने हो-ना करत सांगितलं, “उद्या जेसीबी लागतोय. देवी न्यायची तर उद्या उजाडता न्या. नंतर माझ्याकडे यायचं नाही.”

जाऊबाईंनी मला फोन केला. “तू ये. साहेब लोकांशी बोलायला लागलं तर तूच पाहिजेस.”

सकाळी फाटकाशी लातूरकडचा वॉचमन भेटला. तो घाबरलेला होता. “माय, मागच्या कमानीला आग्यामोहोळ हाय. वास नगं, धूर नगं, मोठ्यानं बोलणं नगं. मागं एका सर्व्हेवाल्याला धरलं त्यांनी, अजून दवाखान्यात हाय.” त्याने आपलं ब्लँकेट माझ्या हातात दिलं. “काय झालंच तर अंगावर घ्या. मी काय आत येत न्हाई.”

मी तिथेच जाऊबाईंची पिशवी तपासली. गजरा काढला, उदबत्तीचा पुडा काढला, धूप काढला.

“तू काय इमानतळावरची पोलीस हायस का?” त्या म्हणाल्या.

“आत शांत राहायचं, दगड उचलायचा, बाहेर यायचं. कबूल?”

“व्हय बाई, कबूल.”

पुढचं दार फुगलं होतं. खांदा लावून ढकलावं लागलं. आत मोठी बैठकीची खोली, आणि भिंतीत चक्क इंग्लंडसारखी शेकोटी. शाळेत माझ्या इंग्रजीच्या पुस्तकातल्या चित्रात होती तशीच. जाऊबाई उंबऱ्यातच थांबल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या या बंगल्यात यायच्या, पण मागच्या दारानेच. पुढचं घर त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

“एवढं मोठं घर,” त्या हळूच म्हणाल्या, “आन् आमाला पानी सुदिक मागच्या दारीच दिलं.”

मी ओठांवर बोट ठेवलं. पुढे एक लांब बोळ, त्यात एक न्हाणीघर, आणि शेवटी व्हरांड्याचं दार. तिथे पोचायच्या आधीच तो आवाज कानावर आला. ट्रान्सफॉर्मरजवळून जाताना येतो तसा.

पोळं कमानीला लोंबत होतं, वाळत घातलेल्या काळ्या घोंगडीएवढं. त्याच्या बरोबर खाली देवी. आम्ही भिंतीला धरून सरकत गेलो. फरशा देवीच्या भोवतीने गोल कापून बसवल्या होत्या. जाऊबाईंनी पदर खोचला, दोन्ही हातांनी दगड धरला आणि ओढला. हलला नाही. मीही हात लावला. मग वाकून फटीत पाहिलं. तो सुटा दगड नव्हताच. माळाच्या खडकाचंच ते टोक होतं, फरशीतून वर आलेलं.

“चला,” मी कुजबुजले. “ही निघायची नाही.”

“मी हिला हितं ठेवून न्हाई येणार.”

“जाऊबाई, खडक आहे हा.”

“मंग मी बी हितंच बसते. आता आमा दोघींवर आणू दे मशीन.” आणि त्या खरंच मांडी घालून बसल्या. सत्तरी उलटलेली बाई, वर ते काळं लोंबतंय, आणि ही बसली. त्यांना ओढत न्यावं तर आवाज होणार. सोडून जावं, तर ते शक्यच नव्हतं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढलं, ते मला दिसलं तेव्हा उशीर झाला होता. कापूर. ती पिशवी मी तपासलीच नव्हती.

“जाऊबाई, नको!”

“तिला न इचारता उचलायची? चोर हाय का आपण?”

कापूर पेटला. धूर सरळ वर गेला.

आधी आवाज बदलला. मग पोळ्यावरून एक लाट गेली, वाऱ्याने पीक हलतं तशी. जाऊबाईंनी एकदाच वर पाहिलं, देवीला मिठी मारली आणि उपसली. कर्र असं झालं आणि त्या मागे पडल्या. मला वाटलं, हात मोडला. पण त्यांच्या ओटीत देवी होती. म्हणजे देवीवरचा शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवून लावलेला, थरावर थर चढून घट्ट झालेला, अख्खा टोपासारखा निघाला होता. खाली काळा खडक उघडा पडला, आणि त्याच्या डोक्यावर एक गोल भोक. सुरुंगाचं. माळावर विहिरी खोदताना पाडतात तसलंच, पहारीने पाडलेलं, बोटभर खोल जाऊन सोडून दिलेलं.

आम्ही दोघींनी ते पाहिलं आणि मग माश्या खाली आल्या.

ब्लँकेट दोघींवर ओढून मी जाऊबाईंना ढकलतच बोळात आणलं. न्हाणीघराला दार शाबूत होतं. ते लावून आम्ही कोरड्या टबाच्या कडेला बसलो. माझ्या कानावर, मानेवर आग होत होती. त्यांची एक पापणी सुजून डोळा मिटला होता. दारावर माश्या आपटत होत्या. जाऊबाईंचा श्वास नीट चालतोय ना, एवढंच मी ऐकत होते.

अंधारात त्यांनी ते कवच उलटं केलं आणि आत हात घातला. “हात दे तुझा,” त्या म्हणाल्या. आत मधोमध शेंदराची एक खुंटी होती. आपल्या बायकांनी त्या भोकात शेंदूर भरला होता, भरतच राहिल्या होत्या, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

“फोडाया काढली व्हती हिला,” जाऊबाई म्हणाल्या. “आन् आमी म्हनायचो, शेठ देवमाणूस.”

“पण मध्येच थांबले ना.”

“थांबलं की थांबवलं?”

  ते विचारावं असं कोणी उरलेलं नाही.

आवाज उतरल्यावर वॉचमनने पुढच्या दारातून हाक मारली, तेव्हा बाहेर आलो. जाऊबाईंनी कवच पदरात झाकलं होतं. दवाखान्यात इंजेक्शन घेतानाही ते मांडीवरच होतं. नर्सने बाजूला ठेवायला सांगितलं तर म्हणाल्या, “पोरी, तुझं काम तू कर.”

देवी त्यांच्या ओटीत आली, एवढं मोठी आजी खरं सांगते. आपणहून आली नाही. तिने ओढली.

बंगला पडला. आता तिथे पत्र्याचं गोदाम आहे आणि दारात ट्रकांची रांग असते. खडक फोडला की त्यावर काँक्रीट ओतलं, ते मला कळलेलं नाही. कवच गावच्या घरी देव्हाऱ्यात आहे. आत हात घातला की खुंटी बोटाला लागते.