रेघेखालचा एक फूट

आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात खूणकाकांनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असा माणूस सापडणार नाही. पाण्याच्या टाकीवर मी सकाळपाळीला, ते दुपारपाळीला. जाताना ते नळाच्या चावीवर खडूची खूण करत, साबणाच्या वडीवर नखाची रेघ ओढत. सख्ख्या बायकोलाही सोडलं नव्हतं. काकू एकदा हसत म्हणाल्या, "तीस वर्षं झाली लग्नाला, अजून चहाचा पहिला घोट मलाच घ्यायला लावतात." मला काही हसू आलं नाही.

उन्हाळ्यात पाणी टाकीच्या भिंतीवरच्या लाल रेघेखाली गेलं. रेघ म्हणजे शून्य. वर अधिक, खाली उणे. वहीत प्रत्येक नोंदीला दोन चौकटी, एक पूर्ण फुटांची आणि एक फुटाच्या भागाची. रात्री यंत्रांना किती पाणी लागणार याची चिठ्ठी संध्याकाळीच येई. तेवढं वजा करून सकाळी किती उरायला हवं ते काका मांडून ठेवत आणि टाकीघराला कुलूप लावत. सकाळी ते कुलूप उघडणारी मी. त्या आठवड्यात तीनदा पाणी त्यांच्या हिशेबापेक्षा कमी भरलं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," माझ्याकडे रोखून बघत ते म्हणाले, आणि माझी डब्याची पिशवी तपासली. टाकीतलं फूटभर पाणी पिशवीत मावतं का, हा प्रश्न मी गिळला. माझी नोकरी अजून कच्ची होती. शनिवारी ते साहेबांकडे लेखी तक्रार देणार होते, आणि एकदा चोरीचा शेरा पडला की मला दुसऱ्या कुठल्या कारखान्याने दारात उभं केलं नसतं. राग आला होताच, पण खरं सांगायचं तर भीती जास्त होती.

मग मलाही ती खोड लागली. पहारेकरी सारखा हात का धुतो? दुसरी किल्ली काकांकडे असते, मग तेच तर नाहीत? शुक्रवारी वही घेऊन बसले. ज्या दोन रात्री यंत्रांना बरोबर दोन फूट पाणी लागलं, त्या सकाळी थेंबभरही कमी नव्हतं. हा कसला चोर, जो चिठ्ठीत अपूर्णांक दिसल्याशिवाय हात मारत नाही?

शनिवारी पाळी बदलताना मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "काका, सोमवारचं मांडून दाखवा."

"संध्याकाळी उणे पावणेदोन," त्यांनी बोट ठेवलं. "रात्री लागणार अडीच. उणे एकातून दोन गेले, उणे तीन. पाऊणातून अर्धा गेला, पाव. म्हणजे उणे सव्वातीन. तू लिहिलंस उणे सव्वाचार. एक फूट कुठं गेला?"

"उण्याची खूण तुम्ही फुटांच्या चौकटीतच केलीत. तो पाऊणही रेघेखालीच आहे ना? मग अर्ध्याने तो कमी कसा होईल? पाणी आणखी खालीच जाणार. पावणेदोन नि अडीच, सव्वाचार."

"माझा हिशेब आजवर कधी चुकला नाही."

"पाणी रेघेच्या वर होतं तोवर बरोबरच होता."

त्यांनी तीनदा मांडून पाहिलं, मग स्वतः भिंतीपाशी जाऊन बोटाने फूट मोजले. परत येऊन तक्रारीचा कागद फाडला. माझा जीव भांड्यात पडला. चार खरमरीत शब्द मी पाठ करून आले होते, पण काका कपाटातून एक जुनी वही काढत होते. सहा वर्षांपूर्वीही पाणी रेघेखाली गेलं होतं. सकाळपाळीची सही दुसऱ्याची होती, आडनाव मात्र काकांचंच.

"धाकटा भाऊ," ते म्हणाले. "तक्रार मीच दिली होती. तेव्हापासून तो माझा उंबरा चढला नाही." वही माझ्याकडे सरकवली. "तू मांड."

मी एकेक पान मांडत गेले. एकाही सकाळी पाणी कमी नव्हतं.

"पुन्हा कर," काका म्हणाले. "तुझं चुकत असेल." या वेळी त्या आवाजात संशय नव्हता, विनवणी होती.

मी पुन्हा केलं. उत्तर तेच आलं.