अक्काची घागर

अक्का गेल्या पौषात, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास वारली. तिच्या नावाची घागर मात्र त्याआधी एकोणीस वर्षे भरली जात होती.

अक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. घर पाचोरा तालुक्यात, स्टेशनपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तसा मी दरवर्षी जळगावहून तिच्याकडे जात असे. आई माझ्या लहानपणीच गेली. तिच्या वाट्याची पुरणपोळी मी येऊन खावी, असे अक्काचे म्हणणे होते. मी वर्तमानपत्रात कामाला लागल्यापासून ती मला नावाने हाक मारत नसे. ‘पेपरवाला’ म्हणे.

आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागरी भरतात. कुंभाराकडून नव्या घागरी आणायच्या, गंध लावायचे, सूत गुंडाळायचे, पाणी भरून त्या वाळूवर मांडायच्या, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचे, शेजारी दोन आंबे. प्रत्येक घागर एकाच्या नावाची. रात्रभर ती तशीच राहते.

अक्काच्या घरी नावे घ्यायचे काम आबांकडे होते. आबा तिचे चुलत सासरे, वय नव्वदीच्या पुढे. वीस वर्षांपूर्वीच्या आखाजीला ते भिंतीला टेकून एकेक नाव सांगत होते आणि अक्काची सून नलिनी घागरी मांडत होती. नलिनीचे लग्न होऊन दोन महिने झाले होते. घरात गेलेली माणसे सात. एखादी घागर तडकली तर असावी म्हणून अक्काचा धाकटा मुलगा, नलिनीचा नवरा प्रकाश याने आठ आणल्या होत्या. सात नावे झाल्यावर आबा थांबले. मग म्हणाले, “भागीरथी.”

नलिनीने आठवी घागर भरली, गंध लावले, वर डांगर ठेवले. भागीरथी हे सासूचे नाव आहे हे तिला माहीत नव्हते. घरात, गल्लीत, गावात कोणी ते नाव घेत नसे. सगळ्यांची ती अक्काच.

अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिने घागरी मोजल्या. आठवी कोणाची, असे विचारल्यावर नलिनीने नाव सांगितले. प्रकाश उठून उभा राहिला. आबांनी अक्काकडे बराच वेळ पाहिले. त्यांच्या आवाजात चूक केल्याची खूण नव्हती. उलट थोडी काळजी होती.

“तू आजून आठेच शेस?” ते म्हणाले. आठे म्हणजे इथे.

नावाने भरलेली घागर उपडी करत नाहीत. प्रकाशला काय करावे ते सुचेना, नलिनी रडू लागली. अक्काने घागरीवरचे डांगर उतरवले, तांब्या बुडवला आणि ती उभ्यानेच पाणी प्यायली. “मनी घागर शे ना, मंग मीच पिसू,” असे म्हणून ती पुन्हा पोळ्या करायला गेली. तेव्हा ती पासष्टची होती. आबा त्याच वर्षी श्रावणात गेले.

पुढच्या आखाजीला प्रकाशने आबांचीही धरून आठ घागरी आणल्या. अक्काने त्याला नववी आणायला परत पाठवले. एकदा नावाने सुरू झालेले मध्येच बंद करता येत नाही, असे तिचे म्हणणे. पण आपण तर जिवंत आहोत, तेव्हा गेलेले काय ते तरी नीट सांगायला हवे, हेही तिने ठरवले होते. घागरीला गंध लावून ती म्हणाली, “या साल हाऊ कान गया,” आणि डाव्या कानाला हात लावला.

त्यानंतर दरवर्षी तसेच चालले. वर्षभरात तिच्यातले जे गेले, त्याची घागर. दात. डोक्यावरून पाणी आणणे. घराच्या धाब्यावर चढणे. तिखट. मी एकदा कारण विचारले. तिने थोडक्यात सांगितले: “बठ्ठं एकदम जावाले नको. एकेक धाडं ते शेवटले घाई व्हत नही.” बठ्ठं म्हणजे सगळे.

गेलेल्या गोष्टीबद्दल ती गेलेल्या माणसासारखी बोलायची. तो कान फार गुणी होता, म्हणायची, कोणाची चुगली त्याने कधी आत घेतली नाही. समोरच्या घरातली तिची जाऊ शांताबाई भांडायला आली की अक्का तिला डाव्या हाताला बसवी. शांताबाई दम लागेपर्यंत बोलत असे आणि अक्का अधूनमधून मान हलवत असे.

सातव्या वर्षी तिने सल्ला देण्याची घागर भरली. दुसऱ्या दिवशी कैऱ्या फोडून झाल्यावर नलिनीने लोणच्याला मीठ किती घालू, असे विचारले. “तूच सांग,” अक्का म्हणाली. सासू रागावली असे वाटून नलिनी दोन दिवस नीट जेवली नाही. त्या वर्षीचे लोणचे खारट झाले. अक्काने ते वर्षभर खाल्ले आणि ती एक शब्द बोलली नाही. पुढच्या वर्षीपासून लोणचे चांगले होऊ लागले. शिकायला इथे राहिलेल्या, लेकीकडच्या नातीचे कॉलेज, प्रकाशची कापूस सोडून केळी लावण्याची हौस, कशातच ती पडली नाही. तिच्या वयाच्या बायका ओट्यावर बसून सुनांची गाऱ्हाणी सांगत. अक्काकडे सांगायला काही नसे. तिला हसू मात्र लवकर येऊ लागले होते.

तेराव्या वर्षाची एक नोंद माझ्या डायरीत आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी अक्काने माझ्यासमोर, चष्म्याशिवाय, सुईत दोरा ओवला आणि माझ्या शर्टाचे बटण लावून दिले. दुसऱ्या दिवशी घागरीला गंध लावताना तिने सांगितले की जवळचे दिसणे गेले. मी बटण दाखवले. “ते कालनं,” ती म्हणाली. त्या दिवसापासून तिला सुईचे नेढे दिसले नाही. प्रकाशने तिला पाचोऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मागच्या तपासणीत आणि या तपासणीत काही फरक नाही, असे त्यांनी लिहून दिले. तो कागद नलिनीने जपून ठेवला आहे.

पाणी मोजायला मी त्याच वर्षी सुरुवात केली. वर्तमानपत्राची पाने लावण्याच्या टेबलावरची स्टीलची पट्टी माझ्या पिशवीत असे. वैशाखात नवी घागर पाझरते, हे सगळ्यांना माहीत आहे. पितरांच्या घागरी सकाळपर्यंत दोन बोटे उतरत. अक्काची घागर त्याच कुंभाराची, त्याच रांजणातल्या पाण्याने त्याच वेळी भरलेली. ती चार बोटे उतरे. पुढची सगळी वर्षे मी मोजले. फरक तेवढाच राहिला. अक्का माझ्या पाठीशी उभी राहून बघत असे. “मोजी ले, पेपरवाला,” म्हणे. मोजून झाले की ती दिवसभर तेच पाणी पीत असे.

एक घागर तिने भरू दिली नव्हती.

तिचा थोरला मुलगा सुभाष प्रकाशच्या लग्नाआधीच, वयाच्या तिसाव्या वर्षी सुरतेला कामाला गेला. दोन वर्षे पत्रे आली. मग बंद झाली. प्रकाश जाऊन आला, तेव्हा खोलीवर दुसरी माणसे राहत होती. बारा वर्षे झाल्यावर भाऊबंदांनी क्रिया उरकून घ्यायला सांगितले. या नातीचे लग्न दोनदा ठरून मोडले, तेव्हा हे बोलणे वाढले. घरात एक जीव तहानलेला ठेवला आहे, असे शांताबाई उघड म्हणू लागली. बाई स्वतःची घागर हौसेने भरते आणि पोराला पाण्याला मुकवते, हे तिने भर आखाजीला, सगळ्या लेकीबाळींसमोर ऐकवले. त्या वेळी ती अक्काच्या उजव्या हाताला बसली होती.

“मन्हं काय गयं ते मले माहीत शे,” अक्का म्हणाली. “त्यानं माहीत नही.”

आमच्या धंद्यात याला खातरजमा म्हणतात. मीही माझ्या परीने केली. सुरतेच्या दोन वार्ताहरांना फोटो पाठवला, पोलिसांत विचारले, दवाखान्यांची जुनी रजिस्टरे पाहायला लावली. तो आहे असे कळले नाही, तो नाही असेही कळले नाही. मी तिला दोन्ही सांगितले. तिने मला चहा दिला.

या एकाच बाबतीत ती म्हातारी दिसायची. संध्याकाळी दाराची कडी ती लावू देत नसे. दार नुसते लोटलेले, उंबऱ्याच्या आत पाण्याचा तांब्या, वर फुलपात्र. इतके सगळे हातातून सोडणारी बाई रस्त्यावर कोणाची चप्पल वाजली की बोलता बोलता थांबे. उजवा कान दाराकडे करी. पाऊल पुढे गेले की बोलणे जिथे थांबले होते तिथून सुरू करी. नलिनी मला म्हणाली होती की अक्काचे सगळे सुटेल, पण हे सुटल्याशिवाय ती सुखाने जायची नाही. अक्काला हे कळत होते. एकदा घागरीकडे बघत तिने मला सांगितले की वर्षभर मनाची तयारी करते आणि आखाजीला जीभ उचलत नाही.

गेल्या वर्षीच्या आखाजीला तिने प्रकाशला आपल्यासाठी दोन घागरी आणायला सांगितल्या. प्रकाशने मला फोन करून हे कळवले. दुसरी सुभाषची, असेच आम्ही दोघांनी धरले. शांताबाई न बोलावता येऊन बसली.

अक्का चौऱ्याऐंशीची होती. पितरांची रांग झाल्यावर तिने आपली घागर भरली. त्या वर्षी उजव्या हाताची पकड गेली होती, त्या पकडीची. मग दुसरी घागर नलिनीकडून भरून घेतली, गंध स्वतः लावले. प्रकाशने हात जोडले.

“ही सुभाषनी नही,” ती म्हणाली. “मी वाट देखानं सोडी दिन्हं. ही त्या वाटनी शे.”

शांताबाईने पदर तोंडाला लावला आणि ती उठून गेली. अक्का जेवली, रस दोनदा मागून घेतला. संध्याकाळी तिने उंबऱ्यातला तांब्या उचलून आत ठेवला आणि दाराची कडी लावली. नलिनीने लग्नानंतर पहिल्यांदा त्या कडीचा आवाज ऐकला.

सकाळी साडेसहाला मी पट्टी घेऊन गेलो. कडी आतून तशीच होती. पितरांच्या घागरी दोन बोटे उतरल्या होत्या. अक्काची चार बोटे. दुसऱ्या घागरीवरचे डांगर उचलले. आत पाणी नव्हते. खालची वाळू कोरडी होती, सूत तुटलेले नव्हते, आंबे जागेवर होते. मी आणि प्रकाशने घागर उन्हात धरून सगळीकडून पाहिली. तडा नव्हता. मी ती पुन्हा भरून ठेवली, तेव्हा संध्याकाळपर्यंत ती एक बोट उतरली.

अक्का घागरीजवळ बसली, आत हात घालून तिने तळ चाचपला. बोटे कोरडी निघाली. ती पदराला पुसत म्हणाली, “भलती तीस लागेल व्हती त्याले.”

तीस म्हणजे तहान.

त्यानंतर तिने सुभाषचे नाव काढले नाही. रस्त्यावर चप्पल वाजली तरी तिचे बोलणे थांबत नसे. दिवाळीला गेलो तेव्हा ती ओट्यावर उन्हात बसून नातीला हसत होती. नातीचे लग्न ठरले होते आणि ती रोज एक नवे चिडवणे शोधून काढत होती. निघताना मी पाया पडलो. आखाजीला येतो, म्हणालो. पट्टी आणू नको, असे तिने सांगितले. “आते काही उरनं नही, पेपरवाला.” सगळी भांडी घासून पालथी घातल्यावर बाई जशी सांगते, तसे सांगितले.

पौषातल्या त्या गुरुवारी ती त्याच ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. नलिनी चहा आणायला आत गेली. परत आली तेव्हा सुपात दाणे एका बाजूला होते, टरफले एका बाजूला होती, आणि न सोललेली शेंग एकही नव्हती. अक्का भिंतीला टेकलेली होती. मी दुपारी पोचलो. तिच्या चेहऱ्यावर काही वेगळे नव्हते.

या वर्षीच्या आखाजीला घागरी नलिनीने भरल्या. नावेही आता तीच घेते. नववे नाव भागीरथी. सुभाषची भरायची का, असे प्रकाशने मला बाजूला घेऊन विचारले. खातरजमा झालेली नाही, असे मी सांगितले. ती भरली नाही.

पट्टी मी नेली होती. घागरी भरल्यावर प्रत्येकीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण केली. त्या दिवशी इतके तापले होते की दुपारी गल्लीत कुत्रेही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला प्रकाश आणि नलिनी यांच्या समोर मोजले. पितरांच्या आठही घागरी दोन बोटे उतरल्या होत्या, त्यांच्याखालची वाळू ओली होती.

अक्काच्या घागरीतले पाणी खुणेवर होते. मी पट्टी पुसून पुन्हा घातली. पाणी खुणेवरच होते. घागर बाहेरून कोरडी होती.