सड्यावरचं डांबर

मी घर सोडलं तेव्हा चपला हातात होत्या. सिल्लोडच्या पुढं, आमच्या गावापासून फाट्यापर्यंतची वाट म्हणजे नुसती काळी माती आणि तिच्यात रुतलेली खडी. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली होती. आई पाण्याची बाटली घेऊन मागून चालत होती. फाट्यावर तिनं माझ्या पायांवर पाणी ओतलं आणि म्हणाली, "चिखलाच्या पायानं शहरात उतरू नगं. लोकं पायाकडं बघत्यात." मग जीप आली. मला पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलला प्रवेश मिळाला होता, आणि सिव्हिल म्हणजे नक्की काय हे आम्हा तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. गोड लिहिणं जमणार नाही. राग आहे, तो आहे तसा वाचा.

छत्रपती संभाजीनगरात मला आता बरीच वर्षं झाली; दादा अजून औरंगाबादच म्हणतात. शहराबाहेरच्या एका हॉट मिक्स प्लांटच्या लॅबमध्ये मी नोकरी करते. तापवलेल्या खडीत गरम डांबर मिसळून तयार झालेला माल ट्रकनं साइटवर जातो. तिथं त्यात थर्मामीटर खुपसून बघायचं काम माझं. सुरुवातीला केसांतला डांबराचा वास जावा म्हणून दोन-दोनदा डोकं धुवायची. आता तो वास येतच नाही. घरी फोनवर बोलतानाही टेम्परेचर, लोड, रिजेक्ट असलं काहीबाही तोंडातून निघतं आणि आई हसते.

काम शिकवलं ते आमचे फोरमन रफिकभाई यांनी. "सडक को गाड्यां नहीं मारते बेटा, पानी मारता," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. खालचा थर झाडून कोरडा करायचा. त्यावर पातळ डांबर फवारायचं; ते आधी तपकिरी दिसतं, काळं पडेपर्यंत थांबायचं. मग गरम माल पसरायचा आणि तो गरम आहे तोवरच रोलर फिरवायचा. यात कसलीही गुप्त विद्या नाही. औद्योगिक वसाहतीत आम्ही केलेल्या रस्त्यांवरून रोज कंटेनर धावतात. तिथं कुठं भेग दिसली तरी दुसऱ्या दिवशी माणसं हजर असतात, चौकोन कापून, साफ करून, नीट भरून जातात. त्याच जिल्ह्यात माझंही गाव आहे.

दोन वर्षांपूर्वी मी साइटवर असताना आईचा फोन आला. "पोरी, आपल्याकडं डांबरी येतीया! उद्या सकाळी आपल्या दारातच!" मशीन सुरू होतं, ट्रक रांगेत उभे होते. मी ओरडून म्हणाले, "मग काय, सण करा!" आणि फोन ठेवला.

त्यांनी सण केला. दिवस उजाडायच्या आत रस्त्यासाठी अंथरलेल्या खडीवर साऱ्या गल्लीतल्या बायांनी शेणाचा सडा टाकला. दाराशी येणाऱ्या पाहुण्याचं स्वागत आमच्याकडं असंच करतात. आईनं तर आमच्या दारापासून पार वळणापर्यंत सडा टाकून वर रांगोळी काढली. ठेकेदाराच्या मुकादमानं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ केला. त्यात त्याचा आवाज ऐकू येतो, "वा मावशी, लई भारी!" लगेच त्याच ओल्या सड्यावर काळा माल पडतो, पांढरी वाफ उठते आणि बाया हात जोडतात. गावाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ मी पाहिला आणि ती वाफ कशाची ते लगेच कळलं. आईला मात्र काही बोलले नाही. तिचा आनंद मोडवेना.

पोळ्याच्या आधीच रस्ता सुटला. दादा फोनवर म्हणाले, "आपली मेंढरं गेली तरी खुरानं उखडतंय." मेंढराचं वजन न पेलणारा रस्ता! ओरड झाली तशी ग्रामसभा बसली. मुकादमानं उभं राहून सांगितलं, "बायांनी शेणपाणी टाकलं, मग डांबर धरंल कसं?" पुरुष मंडळी हसली. नोंदवहीत तसंच लिहिलं गेलं. त्या दिवसापासून आईनं दारात सडा टाकणं बंद केलं. कुणी रस्त्याचं नाव काढलं की ती उठून आत जायची. गावाचा रस्ता आपल्या हातानं गेला, असं तिनं मनात घेतलं होतं.

मी रजा टाकून गेले. माझा तिळपापड झाला होता, कारण तो माणूस निव्वळ खोटंही बोलत नव्हता. ओल्यावर डांबर धरत नाहीच. पण शेवटच्या घराच्या पुढं, शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर कुणी सडा टाकला होता? तिथं मी नुसती बोटं घातली आणि तव्यावरून भाकरी निघावी तसा थर हातात आला. खाली कोरडी धूळ होती. ना झाडलेलं, ना काही फवारलेलं.

ते तुकडे पाटीत भरून मी दुसऱ्या ग्रामसभेत मांडले. मुकादमही आला होता. सरपंच म्हणाले, "ताई, तुम्ही शहरातल्या. इथलं तुम्हाला काय म्हाईत?" मी तोंड उघडणार तोच मागं बायांमध्ये बसलेली आई उभी राहिली. मुकादमाकडं बोट करून ती म्हणाली,

"आमाला म्हाईत नव्हतं. तुमाला तर म्हाईत व्हतं ना? मग 'मावशी, थांबा, वाळू द्या' असं का नाय म्हणलात? भारी म्हणलात!"

कुणी हसलं नाही. मुकादम मोबाइलमध्ये बघत राहिला. नोंदवहीतली ती ओळ त्याच दिवशी खोडली गेली. रस्ता मात्र अजून तसाच आहे. माझा तक्रारीचा अर्ज कुठल्या टेबलावर पडून आहे, देव जाणे. मी दर आठवड्याला कचेरीत फोन करते आणि दर आठवड्याला भांडते.

सभेवरून परतताना आई माझ्या पुढं चालत होती. दारापाशी थांबून माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "तुला बी म्हाईत व्हतं ना?"

शहरात माझ्या हाताखालून एवढे रस्ते गेले, तिथं हे मला कुणी विचारणार नाही. तिथं माझी जबाबदारी सहीपाशी संपते. इथं एका फोनवर घाईत बोललेल्या दोन शब्दांचाही जाब द्यावा लागतो, आणि तो मागायचा हक्क असलेलं माणूस दारात उभं असतं. आता घर म्हटलं की मला तेवढंच आठवतं. साइटवर काम होतं, ट्रक उभे होते, हे सगळं ओठांवर आलं होतं.

"व्हय," मी म्हणाले.