पोस्टात न टाकलेलं कार्ड

गुरुवारी दुपारी मी माझ्या मोठ्या भावाला बैलगाडीतून आमच्या गावी, धावड्याला घेऊन आलो. घरच्यांनी मंगळवारीच त्याच्या नावाने आंघोळी केल्या होत्या.

एवढं लिहायला मला बरीच वर्षं लागली. या सदरात लोक चकव्याचे, विहिरीवरच्या बाईचे अनुभव लिहितात. मी ते हसण्यावारी नेत आलो. मी शाळामास्तर. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलो, मराठी घरी वाचून पक्की केली, आणि कागदावर असेल तेवढंच खरं मानायचं ही माझी सवय. हा अनुभवही कागदाचाच आहे. म्हणून तर तो मला खोडून काढता येत नाही.

रंगनाथदादा जालन्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत कामाला होता. मशीनच्या पट्ट्यात पाय सापडला. मांडीपासून काढावा लागला. माझी शाळाही जालन्यातच; महिनाभर शाळा सुटली की मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसायचो. मग डॉक्टर म्हणाले, जखम भरत आलीय. ऊब आणि घरचं जेवण मिळालं तर माणूस जगेल, घरी न्या. दादाला एवढंच हवं होतं. "सुभद्राच्या हातची भाकर खाल्ली का उभा राहतो बघ," म्हणायचा. "एका पायावर का होईना."

रविवारी मी घरी कार्ड लिहिलं — दादाला घेऊन येतोय, गुरुवारी पोचू, माजघरात बाज टाकून ठेवा. मंगळवारी पहाटे निघालो. पौषाची थंडी. गाडीत कडबा, त्यावर तीन गोधड्या. भोकरदनच्या पुढे रस्ता असा की प्रत्येक दगडाला दादा ओठ चावायचा आणि मग गाडीवानाला म्हणायचा, "बराबर चाललाय, हाक."

पोचलो तेव्हा आमच्या अंगणात सडा नव्हता. चुलते — वडिलांच्या मागे घरातले कर्ते तेच — दारात उभे राहिले, चौकटीवर दोन्ही हात ठेवून.

"गाडी तिथंच थांबिव, मास्तर."

"काका, दादाला उतरवायचंय. जरा हात द्या."

"कोन्ता दादा? तूच लिवलं न्हाई का, गेला म्हणून?"

आमच्याकडे मृत्यू कळवणाऱ्या पत्राचा एक कोपरा फाडतात. असं पत्र घरात नेत नाहीत. दारातच वाचायचं, तुकडे करून टाकायचे, आणि आंघोळ करायची. मंगळवारी डाकवाल्याने तसं कार्ड आणलं होतं. 'दादा शनिवारी दिवस मावळताना गेले. सगळं इथेच उरकलं. कोणी येऊ नये.' खाली माझं नाव. घरच्यांनी तो मागचा शनिवार धरला. मागच्या शनिवारी दादा जालन्यात माझ्याशी पत्ते खेळत होता, आणि जिंकत होता.

"मी हाये की काका," दादा गाडीतून म्हणाला. "अर्धामुर्धा हाये, पण हाये."

काकांचे डोळे भरून आले. हे मुद्दाम लिहितो, कारण त्यांना दुष्ट ठरवून मोकळं होणं मला आजवर जमलेलं नाही. पण चौकटीवरचे हात त्यांनी काढले नाहीत.

मी म्हणालो, असलं काही मी लिहिलंच नाही. मी लिहिलेलं कार्ड तर... आणि हात कोटाच्या खिशात गेला. कार्ड खिशातच होतं. टाकायला विसरलो होतो. चारही कोपरे धड. मी ते काकांपुढे धरलं.

"हे दुसरं," काका म्हणाले. "आल्तं ते येगळं."

ज्याच्या नावाने आंघोळ झाली तो परत आला तर त्याचा नवा जन्म करावा लागतो म्हणे. पुन्हा बारसं. पुन्हा त्याच बायकोशी लग्न. तोवर उंबरा ओलांडायचा नाही, बायकोचं तोंड पाहायचं नाही. गुरुजी जाफराबादहून येणार रविवारी. तोवर दादा गोठ्यात.

"मला पाळण्यात घालणार व्हय?" दादा हसला. "बरंय. एक पाय कमीच हाये, मावंन मी."

मी काय केलं? काकांना समजावत बसलो. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवली, शास्त्रात पळवाट असते हे सांगितलं — दोन दिवस, अदबीने. तेवढ्यात गाडीवानाला हाताशी धरून बाज उचलली असती तर दादा माजघरात पोचला असता. चुलत्यापुढे आवाज चढवायचा नाही, हे वळण माझ्या अंगात पार मुरलेलं. त्या वळणाची मला आजही चीड येते.

शुक्रवारी सकाळी सुभद्रावहिनी गोठ्याच्या भिंतीमागे चुलीपाशी होत्या. मी भिंतीअलीकडून विचारलं, "वहिनी, ते कार्ड तुम्ही पाहिलं?"

"मीच वाचलं, भाऊजी. काकांना कुठं वाचता येतं? तुमचंच अक्षर. तुम्हीच शिकवलं मला, मला वळखू येणार न्हाई का?" मग म्हणाल्या, "मी वाचून दाखवलं, आन मंग माझ्याच बांगड्या फोडल्या."

दादा ऐकत होता. "सुभद्रे," तो बाजेवरून म्हणाला, "भाकरी थापून राह्यली का?"

"हो."

"वास येऊन राह्यला."

ती भाकरी त्याने खाल्ली. अर्धी.

रात्री ताप चढला. गाडीच्या हिसक्यांनी जखम उकलली होती, आणि गोठ्याला एका बाजूने भिंतच नव्हती. शनिवारी दुपारी त्याची शुद्ध हरपत गेली. वहिनी कोणाला न विचारता घरातून बाहेर आल्या. काका आडवे आले. "रविवार उद्यावर हाये, बाई. एवढं थांबली, अजून एक दिस थांब."

शनिवारी दिवस मावळताना दादा गेला. त्याला घरात नेलंच नाही. सगळं गोठ्यातूनच उरकलं. वहिनींच्या हातात फोडायला काही उरलं नव्हतं.

नंतर मी डाकवाल्याला गाठलं. तो म्हणाला, कार्ड आणलं होतं, कोपरा गेलेला पाहून दारातूनच दिलं आणि मागे फिरलो. काकांना लिहिता येत नव्हतं. माझ्यासारखं अक्षर काढणारं गावात कोणी नव्हतं; असलंच तर वहिनी, आणि त्यांनी स्वतःच्याच बांगड्या फोडायला लावणारं कार्ड लिहिलं असं मला म्हणायचं नाही. त्याचे तुकडे ओढ्यात गेले, तेव्हा पडताळायलाही काही नाही. लोक सांत्वन करतात, लिहिलेलंच होतं मास्तर. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. अक्षर माझं होतं.

काका गेले. वहिनी शेवटपर्यंत माझ्याकडे जालन्यात होत्या. त्या गेल्या त्याला या आषाढात वर्ष होईल. मला अजून काही उलगडलेलं नाही.

मी लिहिलेलं कार्ड माझ्याकडे आहे. चारही कोपरे शाबूत आहेत. त्यात लिहिलंय, माजघरात बाज टाकून ठेवा.