तात्यांच्या खळ्यावरचा वारा

‘या खेपेलाही शेवटची आलीस तर संघातली जागा गेली म्हणून समज,’ असं मुंबईच्या क्लबातल्या सरांनी तोंडावर सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवची. फळीवर उभं राहून शीड धरायचं आणि वाऱ्यावर पाणी कापत पळायचं, असा आमचा खेळ. स्पर्धेच्या दिवशी वारा हमखास मेलेला. सरांचा हुकूम होता, मोठंच शीड घे. म्हटलं, आधी करून बघते. दोन संच उसने आणले. एक साडेसात चौरस मीटरचं शीड, जाड ॲल्युमिनियमच्या डोलकाठीसकट. दुसरं साडेपाचचं, काठी हलकी, फायबरची. स्पर्धेला एकच न्यायचं होतं.

बारामतीला नणंदेकडे मुक्काम केला. माझ्या नवऱ्याने, मुकुंदाने, तिच्या दिराची जीप मागून घेतली आणि टपावर फळी आणि काठ्या बांधल्या. कळस गावापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडलो. हंगामात जाणार असाल तर सातच्या आत निघा. पुढे उजनी धरणाच्या पाण्यापर्यंत कच्चा रस्ता आहे, कंबर सांभाळा. वाटेतल्या टपरीवर चहा दीड रुपया आणि गरम भजी. जीपभोवती लगेच गराडा पडला.

‘तंबू हाय व्हय?’

‘न्हाय रं, शूटिंग आसंल.’

सामान उतरवायला सोपं म्हणून मी झाडांच्या आडोशाचा काठ निवडला. मोठं शीड पाण्यातून ओढून उभं करतानाच जीव गेला. माझं वजन अठ्ठेचाळीस किलो! शीड वर यायचं आणि मला घेऊन पलीकडे पडायचं. लहान शीड झटकन उठलं, पण जागचं हलेना. संध्याकाळी मुकुंदा म्हणाला, ‘सरांचं ऐक ना गपचूप.’

‘तू गप्प बस.’

तो उठून काठ्या टपावर बांधायला लागला, त्याचा जास्त राग आला. रात्री नणंदेने पिठलं-भाकरी वाढली, तीही मी धड खाल्ली नाही. जागा जाणार, हे मनाने घेतलंच होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच काठ, पुन्हा तीच रड. शेळ्या घेऊन आलेले एक म्हातारे तात्या सकाळपासून बघत बसले होते. अकराच्या सुमाराला त्यांना राहवेना.

‘ताई, हितं वारं न्हाय. झाडीनं अडवलंय. त्या वठल्याल्या बाभळीपाशी जावा.’

बाभळीचा शेंडाच तेवढा पाण्यावर दिसत होता. मी जरा तिरसटूनच विचारलं, ‘तिथे आहे कशावरून?’

‘माजं खळं हाय तितं, पाण्याखाली. खळं वाऱ्याच्या वाटंवरच घालत्यात. हितं पान हलत नसलं तरी तितं दुपारी उपणून व्हायाचं आमचं.’

मळलेल्या धान्यातलं भूस उडवायला, उपणायला लागते तेवढीच झुळूक मला हवी होती! लहान शिडाची दोरी जरा सैल सोडली, त्याला पोट येऊ दिलं. कालपासून मी ते ढोलासारखं ताणत होते. फळी हाताने वल्हवत बाभळीपाशी नेली आणि उभी राहिले. शीड भरलं. तीन फेऱ्या मारल्या, एकदाही पडले नाही. मोठं शीडही तिथे नेलं. सरळ जाताना ते जास्त पळालं, हे कबूल. पण वळणावर दोनदा पडले आणि ते पुन्हा उभं करण्यातच सगळी कमाई गेली. तेव्हा हलक्या वाऱ्यात शीड मोठं घ्या, पण स्वतःला उचलता येईल एवढंच. काठी हलकी, पण त्या शिडाला जुळणारी बघा. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाने खुशाल सरांचं ऐकावं.

निघताना तात्या म्हणाले, ‘उन्हाळ्यात पाणी वसरलं का खळं उघडं पडतं. या बगायला.’

मुंबईत स्पर्धेला लहानच शीड नेलं. वारा मेलेलाच होता. मी इतरांच्या शिडांकडे न बघता झुळूक पाण्यावरून कुठून सरकतेय ते बघितलं आणि लांबची वाट धरली. अकरा जणींत चौथी आले. जागा राहिली. सर म्हणाले, ‘नशीब.’ म्हटलं, ‘म्हणा.’

मे महिन्यात पेढे घेऊन गेले. पाणी ओसरलं होतं. तात्यांनी खळं झाडून, शेणाने सारवून ठेवलं होतं. पावसाळ्यानंतर ते पुन्हा बुडणार, हे त्यांना ठाऊक होतं.

‘काय मळायचंय का?’ मी विचारलं.

‘न्हाय. जमीन दुसरीकडं दिली सरकारनं. तितं वारंच न्हाय.’

पेढा हातात धरून ते खळ्यावर बसले. मीही बसले. ते लहान शीड पुढे मी विकतच घेतलं, आता घरी माळ्यावर आहे. आवरायला काढलं की मला तेच सारवलेलं खळं आठवतं, आणि आम्ही तिथे बसलो असताना दुपारी बरोबर सुटलेला तो वारा.