बंद घराचा टॅक्स

बऱ्याच वर्षांनी मस्कतहून नागऱ्याजवळच्या गावी आलो, ते वडिलांच्या बंद घराचा थकलेला टॅक्स भरायला. ग्रामपंचायतीतला बाबू म्हणाला, "थकला कुठं? दरसाल एक माणूस येऊन तुमच्या बाबाच्या नावानं भरून जाते."

दुसऱ्याच्या घराचा टॅक्स कोण फुकट भरेल? अशाच पावत्या दाखवून घरावर हक्क सांगणाऱ्यांबद्दल मी ऐकलं होतं.

बाबूने खूण सांगितलेला तो माणूस मला आमच्याच परसात सापडला. पन्नाशीचा, बनियनवर, आमच्या नळाखाली हंडा लावून उभा होता. मला पाहूनही त्याने नळ बंद केला नाही. हंड्याच्या काठावरचं पाणी तळव्याने निपटत राहिला.

"माझा टॅक्स तुम्ही काऊन भरून राहिले?" मी विचारलं.

"टॅक्स थकला का नळ कापतेत. पानी मी भरून रायलो, मंग टॅक्स तुमी तिकडून भरान का?"

मी पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. घेतले असते तर मला बरं वाटलं असतं. नाव विचारलं, तर "बाजूवाला म्हना" म्हणून हंडा खांद्यावर घेऊन गेला.

मी पुढचा टॅक्स आगाऊ भरला आणि परसाच्या फाटकाला कुलूप घातलं. मी निघताना तो बाहेर उभा होता. कुलूप ओढून पाहत म्हणाला, "बरं केलं. चाबी कोनापाशी ठेवता?"

गावात ओळखीचं दुसरं कुणीच उरलं नव्हतं. चावी त्याच्या हातात दिली, पण माझी बोटं तिच्यावरून जरा उशिरानेच सुटली.