म्पोंडवेच्या पुलावरची संथ रांग

म्पोंडवेच्या पुलावर काँगोतून युगांडात येणाऱ्यांचा ताप मोजण्याचं काम कबुघो अकरा वर्षं करते आहे. तिची रांग सगळ्यांत हळू सरकते, ही साहेबांची जुनी तक्रार. कपाळासमोर यंत्र धरण्याआधी ती प्रत्येकाला घरची खुशाली विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत थांबते. यंत्राला फक्त आजचा ताप कळतो, असं तिने साहेबांना तीनदा सांगून पाहिलं. मग सांगणं सोडलं, विचारणं सोडलं नाही.

पलीकडे इबोलाची साथ होती. त्या वर्षी एका शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीत, तिची भाची म्बांबु रांगेत आली. तिला दुबईत घरकामाची नोकरी लागली होती आणि दुसऱ्याच दिवशी एंटेबेहून विमान होतं. ताप नव्हता. घरी सगळे मजेत आहेत, असं ती बॅगेकडे बघत म्हणाली. डोक्याचा रुमाल कानांखाली ओढून बांधला होता.

"रुमाल सोड," कबुघो म्हणाली.

"मावशी, बस सुटेल माझी."

"सोड म्हणते ना."

डोकं नुकतंच भादरलेलं होतं. घरचं माणूस पुरल्यावरच बायका असे केस उतरवतात. मग म्बांबुने रडत सांगितलं की सासू तापाने गेली, आणि तिच्या प्रेताला अंघोळ घालणाऱ्या सुनांमध्ये आपण होतो. इबोला मेलेल्याच्या अंगाला हात लावूनही लागतो.

मागची केळीवाली बोललीच, "बहिणीच्या पोरीचं विमान चुकवतेस? काळीज आहे की दगड?"

"विमानात तीनशे माणसं बसतात," कबुघो म्हणाली. "त्यांनाही मावश्या असतील."

तिने स्वतः भाचीला देखरेखीच्या तंबूत नेलं. एकवीस दिवस तिथेच राहायचं होतं. कबुघो रोज कुंपणापाशी बुंदू, म्हणजे कसाव्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, आणि मासळी ठेवून यायची. म्बांबु तिच्याकडे पाठ करून जेवायची. सहाव्या दिवशी तिला ताप भरला. डॉक्टर दहा पावलांवर होते, तासाभरात सलाईन लागलं. ती वाचली. तिच्यापासून दुसऱ्या कोणाला लागण झाली नाही.

बरी होऊन म्बांबु घरी गेली. चार महिन्यांनी नवं तिकीट घेऊन ती पुन्हा पुलावर आली. शेजारची रांग मोकळी होती, तरी ती मावशीच्याच रांगेत उभी राहिली. पुढे येताच तिने न सांगता रुमाल काढला. केस बोटभर वाढले होते.

"बघ आणि सोड लवकर," ती म्हणाली.

"आधी घरचं सांग," कबुघो म्हणाली आणि यंत्र खाली धरून उभी राहिली.